तेल पिते म्हणून ठणठणीत!

रात्रीचे साडेअकरा. सकाळी नऊला रिव्ह्यू मीटिंग, प्रेझेंटेशनच्या शेवटच्या दोन स्लाइड्स बाकी, आणि फोन वाजला. न्यू जर्सीहून मावसभाऊ. त्याचा लंच टाइम, माझी झोपेची वेळ. एडिसनमध्ये राहायला गेलेल्या भावंडांना हे घड्याळाचं गणित कधीच जमत नाही.

‘‘ताई, गाडी बघितलीय. माझदा आरएक्स-८. २००७चं मॉडेल, लालभडक. मागचे दरवाजे कपाटासारखे उलटे उघडतात गं! आणि रोटरी इंजिन आहे. तू फक्त एवढंच सांग, यात ऑइल कुठलं टाकायचं? इथे एक जण म्हणतो सिंथेटिकच टाक, दुसरा म्हणतो सिंथेटिकला हात लावू नकोस. एक म्हणतो ५डब्ल्यू-२०, एक म्हणतो ५डब्ल्यू-३०. माझं डोकं फिरलंय. मालक मात्र एकदम सज्जन आहे. म्हणाला, गाडी इतकी जपलीय की वर्षभरात वरून तेलाचा एक थेंबसुद्धा टाकावा लागला नाही.’’

मी लॅपटॉप मिटला.

‘‘पैसे दिलेस?’’

‘‘शनिवारी देणार.’’

‘‘मग शनिवारच्या आत माझं सगळं ऐकून घे. आणि तो एक थेंबवाला मुद्दा लक्षात ठेव, त्याच्याकडे शेवटी येऊ.’’

त्याला जे सांगितलं, तेच या आठवड्यात तुम्हाला सांगतेय. तुमच्यापैकी फार थोड्यांच्या दारात रोटरी गाडी येणार, हे मला ठाऊक आहे. आरएक्स-८ भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. आपल्या पिढीला ‘माझदा’ म्हटलं की आठवते ती स्वराज माझदाची कंपनी बस, खिडकीला डोकं टेकून झोपायची! पण ऑनसाइट गेलेला एखादा मित्र, मेलबर्नला असलेली वहिनी, न्यू जर्सीतला भाऊ असं कुणी ना कुणी प्रत्येकाचं असतं. २००३ ते २०१२ या काळात बनलेली ही देखणी गाडी तिकडच्या सेकंडहँड बाजारात बऱ्यापैकी स्वस्तात मिळते. इतकी स्वस्त का, याचं अर्धं उत्तर तेलात आहे.

पिस्टन नाही, त्रिकोण

आपल्या नेहमीच्या गाडीत पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतात. रोटरीत पिस्टनच नाही. कंबरेत जरा चिमटलेल्या लंबगोल डब्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगरा फिरतो. हा रोटर. आरएक्स-८मध्ये असे दोन. रोटर एकदा फिरला की मुख्य शाफ्ट तीनदा फिरतो, आणि हाय-पॉवर मॉडेलचा काटा ९००० आरपीएमपर्यंत मजेत जातो. आवाज ऐकलात तर भाऊ का घायाळ झाला ते कळेल.

आता खरी गोम. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक पट्टी असते, तिला म्हणतात एपेक्स सील. जाडी सुमारे २ मिलिमीटर. दोन रोटर म्हणजे अशा सहा पट्ट्या. त्या डब्याच्या आतल्या भिंतीला सतत घासत फिरतात आणि स्फोटाचा दाब अडवून धरतात. पट्टी झिजली की दाब सुटला. दाब सुटला की गाडी गरम असताना स्टार्ट व्हायला नखरे करते, आणि नंतर एक दिवस स्टार्टच होत नाही.

या पट्ट्यांनी भल्याभल्यांना रडवलंय. फेलिक्स वँकेल या जर्मन इंजिनिअरची ही कल्पना. एनएसयू कंपनीत १९५७मध्ये पहिलं इंजिन फिरलं. पुढे १९६७मध्ये एनएसयूने रो ८० ही गाडी आणली, तिला १९६८ची युरोपियन ‘कार ऑफ द इयर’ ठरवण्यात आलं आणि पाठोपाठ सील झिजल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १९६९मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली.

तिकडे हिरोशिमात माझदाचे केनिची यामामोतो आणि त्यांचे ४७ इंजिनिअर याच दुखण्याशी झुंजत होते. सीलच्या थरथरीने भिंतीवर ओरखडे पडायचे, त्यांना ही मंडळी ‘सैतानाची नखं’ म्हणायची. सीलसाठी त्यांनी काय काय वापरून बघितलं, तर जनावरांच्या हाडांपर्यंत मजल गेली! शेवटी कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील जमलं आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१मध्ये चार रोटरवाल्या ७८७बीने ल माँची २४ तासांची शर्यतसुद्धा मारली.

एकच तेल, दोन नोकऱ्या

पिस्टनच्या इंजिनात खालून उडालेलं तेल सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि रिंगा ते निपटून घेतात. रोटरीत एपेक्स सीलपर्यंत तेल असं आपोआप पोचत नाही. म्हणून माझदाने एक छोटा पंप बसवला, ऑइल मीटरिंग पंप. तो इंजिनच्या तळातलंच तेल घेतो आणि अगदी मोजून मापून आतल्या खोलीत सोडतो. तिथे ते सीलला ओलं ठेवतं आणि मग पेट्रोलबरोबर जळून जातं.

म्हणजे आपल्या मारुती-ह्युंदाईने तेल जाळलं तर मेकॅनिक मान हलवतो. रोटरीने तेल जाळलं तर समजायचं, पंप कामावर आलाय. आरएक्स-८ने हजार ते दोन हजार मैलांत लिटरभर तेल संपवलं, तर ते नॉर्मल.

तेल निवडण्याचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कारण बिचारं तेल एक आणि नोकऱ्या दोन. पहिली नोकरी म्हणजे बेअरिंग सांभाळायचं आणि रोटरच्या पोटात फिरून तिथली उष्णता बाहेर आणायची. इथे तेल चिवट हवं, तापून पातळ होता कामा नये. दुसरी नोकरी म्हणजे सीलसाठी जळून जायचं, आणि तेही राख न ठेवता. इंजिन ऑइलमध्ये झीज थांबवायला जस्ताची आणि मळ धरायला कॅल्शियमसारखी रसायनं घातलेली असतात. तळात ती फार उपयोगी, पण जळल्यावर त्यांची राख उरते. ही राख आणि कार्बन सीलच्या खाचेत साठले की सील अडकतं. एकाच माणसाला दिवसा अकाउंट्स आणि रात्री सपोर्ट शिफ्ट दिल्यावर जे होतं, तेच तेलाचं होतं. दोन्ही कामं होतात, पण त्याची काळजी घ्यावी लागते.

त्यामुळे ‘सगळ्यात महागडं कुठलं?’ हा प्रश्न इथे चालत नाही. दोन्ही नोकऱ्या बऱ्यापैकी निभावेल असं तेल शोधायचं.

२० की ३०?

डब्यावरचे आकडे आधी समजून घेऊ. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पटकन वाहतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती जाड राहतं ते सांगतो. तो १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीवरून ठरतो.

आरएक्स-८साठी माझदाने अमेरिकेत ५डब्ल्यू-२० सांगितलं आणि युरोपात ५डब्ल्यू-३०. गाडी तीच, मग असं का? अमेरिकेत कंपन्यांना आपल्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज सरकारी नियमात बसवावं लागतं, आणि पातळ तेलाने मायलेज किंचित वाढतं. त्यामुळे तिकडे पातळ तेलाची चलती झाली.

माझं मत विचाराल तर ५डब्ल्यू-३०. कारण सांगते. रोटरीत थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल सढळ हाताने सोडलं जातं. त्यातलं थोडं झिरपत झिरपत तळातल्या तेलात उतरतं आणि तेल आणखी पातळ करतं. घर ते ऑफिस अशा छोट्या फेऱ्या असतील तर जास्तच. मुळात पातळ तेल घेतलं आणि त्यात पेट्रोल उतरलं, तर बेअरिंगच्या वाट्याला काय उरणार? न्यू जर्सीतल्या हिवाळ्यासाठी पुढचा ५ पुरेसा आहे, आणि उन्हाळ्यातल्या हायवेसाठी मागचा ३० बरा.

‘‘पण ताई, मॅन्युअलविरुद्ध गेलो तर वॉरंटी?’’

कसली वॉरंटी, राजा? २००४ ते २००८च्या मॉडेल्ससाठी माझदाने अमेरिकेत इंजिनची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली होती, तीही कधीच संपली. आता जे काय होईल ते तुझ्या खिशातून.

सिंथेटिकचं भूत

रोटरीवाल्यांत या एका विषयावरून मैत्र्या तुटतात. जुन्या काळच्या काही सिंथेटिक तेलांचं रबरी सीलशी जमायचं नाही, आणि ती जळल्यावर मागे चिकट थर राहील अशीही भीती होती. माझदाची अमेरिकन शाखा बराच काळ सिंथेटिकची शिफारस करायला तयार नव्हती. त्यातून ‘रोटरीत सिंथेटिक म्हणजे विष’ हा समज पक्का झाला. पण तेलं बदलली, आणि रेसिंगच्या रोटरी इंजिनांत सिंथेटिक तेल वर्षानुवर्षं वापरलं गेलंय. इदेमित्सुसारखी जपानी कंपनी तर खास रोटरीसाठी म्हणून तेल विकते.

माझं व्यवहारी उत्तर असं आहे. चांगल्या कंपनीचं, आजच्या एपीआय दर्जाचं, योग्य ग्रेडचं तेल घ्या. मिनरल की सिंथेटिक हा दुय्यम प्रश्न आहे. वर सांगितलं तसं पेट्रोल कुठल्याही तेलात उतरतं आणि ते खराब करतं. महागडं सिंथेटिक घालून, ‘आता दहा हजार मैल बघायला नको’ म्हणणारा माणूस इंजिन मारतो. साधं मिनरल घालून दर तीन हजार मैलांनी, म्हणजे सुमारे पाच हजार किलोमीटरला बदलणारा माणूस ते जगवतो. जे तेल तुम्हाला वेळेवर बदलायला परवडतं, ते तुमचं तेल.

बाबांची चेतक आली मदतीला

आता टू-स्ट्रोकचा जमाना आठवा. पंपावर पेट्रोलच्या मशीनशेजारी टू-टी ऑइलचं छोटं मशीन असायचं. बाबा चेतक थांबवायचे, सीट उचलायचे आणि पेट्रोलबरोबर तेल घालून घ्यायचे, लिटरला २० मिली. विसरलं की इंजिन जाम. जास्त झालं की प्लग काळा, मग स्कूटर तिरकी करा, प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा. यामाहा आरएक्स१००मध्ये हे काम पंप करायचा, तेलाची टाकीच वेगळी. (दोघींच्या नावात आरएक्स, हा निव्वळ योगायोग!)

टू-टी तेल मुळात जळण्यासाठीच बनवलेलं असतं, म्हणून राख कमी. बरेच रोटरीवाले हीच युक्ती करतात. मीटरिंग पंप चालू ठेवायचा आणि शिवाय टाकीत थोडं टू-स्ट्रोक तेल टाकायचं, लिटरला साधारण ४ ते ५ मिली. पंप आपलं काम करतच असतो, म्हणून चेतकच्या चौथ्या हिश्श्याएवढंच पुरतं. ५० लिटर पेट्रोल भरणार असाल तर पाव लिटर झालं. आधी तेल, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. तेल कमी राखेचं आणि पेट्रोलमध्ये सहज विरघळणारं हवं. हात सैल सोडू नका, कारण जास्तीचं तेल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा जीव घेतं.

कंपनीने हे करायला सांगितलेलं नाही, हा मालकांचा उद्योग आहे. पण माझदानेही २००९च्या आरएक्स-८मध्ये प्रत्येक रोटरला तेल सोडणारी नळी दोनऐवजी तीन ठिकाणी दिली. सीलला तेल कमी पडत होतं, हे कंपनीनेच मान्य केल्यासारखं झालं, नाही का?

डिपस्टिकची डायरी

इतकं सगळं ऐकून भावाने विचारलं, ‘‘म्हणजे नक्की करायचं काय?’’ तर मंडळी, हे कापून फ्रिजवर लावा:

• दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना तेलाची पातळी बघायची. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केलेलं, पाच मिनिटं थांबून.

• पातळी वरच्या खुणेच्या जवळ ठेवायची, पण खुणेच्या वर नको.

• डिकीत त्याच ग्रेडची एक लिटरची बाटली कायम.

• दहा मिनिटांत तेल बदलून देणाऱ्या दुकानात गेलात तर ग्रेड आपण सांगायची, किती लिटर भरलं ते विचारायचं आणि निघण्यापूर्वी डिपस्टिक स्वतः बघायची. नळीतून सगळ्यांना एकच तेल देणारी दुकानं असतात.

• गाडी थंड असताना सुरू करून दोन मिनिटांत बंद करायची नाही. प्लग ओले होतात आणि पेट्रोल सीलवरचं तेल धुऊन काढतं.

• एक छोटी वही. तारीख, मैल, किती तेल टाकलं.

ही वही फालतू वाटेल, पण तीच सगळ्यात कामाची. दर हजार मैलांना साधारण सारखंच तेल लागत असेल तर पंप ठीक. आकडा अचानक खाली आला तर आनंदाने उडी मारू नका, मेकॅनिककडे जा.

आणि तो एक थेंब

इथे भाऊ गप्प झाला. ट्यूब पेटली होती.

‘‘म्हणजे ताई... वर्षभर एक थेंब नाही, म्हणजे...’’

म्हणजे तीनपैकी एक. गाडी वर्षभर जागची हललेली नाही. किंवा त्याने डिपस्टिक बघितलीच नाही आणि तेल तळाला गेलंय. किंवा मीटरिंग पंप झोपलाय आणि सहाच्या सहा सील वर्षभर कोरडे घासले जाताहेत. तिन्हींत पेढे वाटण्यासारखं काही नाही.

मी त्याला एकच काम सांगितलं. पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, आणि तीही रोटरीच्या खास मीटरवर. साधा मीटर रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा दाब दाखवून मोकळा होतो, उरलेल्या दोन लपतात. टेस्टचे पैसे किरकोळ, पण इंजिन पुन्हा बांधायची वेळ आली तर गाडीच्या किमतीइतका खर्च सहज येतो.

शुक्रवारी रात्री मेसेज आला. पुढचा रोटर ठीक. मागचा तिन्ही बाजूंनी बसलेला. डिपस्टिकच्या फक्त टोकाला तेल. भावाचा आवाज पडलेला होता, पण मला वाईट वाटलं ते त्या मालकाचं. तो फसवत नव्हता. टेस्टचा कागद हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला म्हणे. जी गाडी तेल पीत नाही ती निरोगी, हे तो आयुष्यभर ऐकत आला होता आणि बाकी सगळ्या गाड्यांबाबत ते खरंही होतं. त्याने गाडी आठवड्याला धुतली, पॉलिश केली, सीट्सना कव्हर घातलं. बॉनेट मात्र उघडलं नाही, कारण गाडीने कधी तक्रारच केली नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा रात्री साडेअकराला फोन. या वेळी निळी आरएक्स-८. टेस्ट करून घेतलेली, दोन्ही रोटर ठणठणीत. बंपरवर ओरखडा, मागच्या सीटवर कॉफीचा डाग, पण विकणाऱ्या काकांनी किल्लीबरोबर एक मळकी वही दिली होती. सहा वर्षांच्या नोंदी, दर महिन्याला तेल किती टाकलं ते.

‘‘ताई, बाराशे मैल झाले. पाऊण लिटर प्यायली!’’

एवढ्या आनंदाने कुणी तेलाचा खर्च सांगताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, वहीत लिही. आणि पुढच्या वेळी तरी घड्याळ बघून फोन कर.